गाणी स्वतःची, गिटार एकच: सोलापुरात राहावं की पुण्याला जावं?

स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी गिटारवर म्हणणाऱ्या सोलापूरच्या मुलामुलींना आज ना उद्या एक सल्ला मिळतोच: पुण्याला जा. सल्ला खोटा नाही, पण तो फार लवकर दिला जातो. तासभर पुरतील इतकी स्वतःची गाणी तयार होईपर्यंत पुण्याचं भाडं भरू नये, असं माझं मत आहे.

मंचाच्या बाबतीत पुणं सरळ पुढे आहे. तिथे ओपन माइक (कोणीही नाव देऊन गावं असे कार्यक्रम) आहेत, कॅफे आहेत, सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागा आहेत. एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव 2010 साली सुरू झाला तोही पुण्यातच. कधी न ऐकलेलं गाणं ऐकायला तिकीट काढणारा श्रोता तिथे सापडतो. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे, पण नवख्या, एकट्या गिटारवाल्याला ती दोन्ही मापाने मोठी. जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाला गर्दी होते. कॅफेत गायला बसलात तर तिसऱ्या गाण्याला फर्माईश येणार, "एखादं पिक्चरचं म्हणा की ओ!"

पण पुण्याच्या ओपन माइकला तरी काय मिळतं? दोन गाणी, दहा मिनिटं, बहुतेकदा बिनपैशाची. समोरच्यांतले निम्मे स्वतःची पाळी कधी येते याची वाट बघत असतात. त्या दहा मिनिटांसाठी नोकरी धरायची आणि नोकरीमुळे नवं गाणं सुचायला वेळ उरत नाही, अशी गोची होते. सोलापुरात घरचं जेवण, घरची खोली. लग्नाच्या हळदीत, संगीतात गाऊन आलेले पैसे रेकॉर्डिंगला उरतात.

गाणं घडायला मात्र मला सोलापूरच उजवं वाटतं. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडते, आणि स्वतः रचून स्वतः गाण्याची रीतही इथे जुनी आहे. शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. हे कान पुण्यात गेल्यावर घडवता येत नाहीत.

रेकॉर्डिंगचं गणित वेगळं. पुण्यात स्टुडिओ आणि जाणते साउंड इंजिनिअर जास्त, पैसे तासावर. सोलापुरात घरीच दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन यांवर गिटार आणि आवाज नीट निघतो. भिंतीपासून थोड्या अंतरावर जाड चादरी टांगल्या की खोलीचा घुमारा कमी होतो (चादरींची टंचाई आपल्याकडे नाही). मात्र चादर बाहेरचा आवाज अडवत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी माग चालू असेल तर तो रेकॉर्डिंगमध्ये येणारच. शिवाय मे महिन्यात पंखा बंद करून गायचं म्हणजे पहाटेच उठायला हवं. त्याच कोरड्या उन्हाळ्यात गिटारचं लाकूड आकसतं, टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, चीर जाते. पत्र्याच्या खोलीत गिटार उघडी ठेवू नका. बंद केसमध्ये, आतली हवा कोरडी पडू न देणारी पुडी (ह्युमिडिटी पॅक) घालून ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात उलट त्रास: लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात.

गाणी प्रसिद्ध करायला दोन्ही शहरं सारखीच. डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) इथूनही गाठता येतो. फक्त त्यातून घर चालेल ही आशा नको: स्पॉटिफायवर बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला 2024 पासून काहीच मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं, ही नेहमीची अट. फिल्मी गाण्याचं कव्हर टाकलंत तर जाहिरातीचे पैसे बहुधा मूळ कंपनीकडे जातात. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व मात्र जरूर घ्या.

मधला रस्ता रेल्वेचा आहे. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठता येतं, संध्याकाळी गाता येतं. परतीची अडचण आहे: कार्यक्रम संपेतो हुतात्मा आणि वंदे भारत दोन्ही पुण्याहून निघून गेलेल्या असतात. मग मध्यरात्रीनंतरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, नाहीतर रात्रीची एसटी. दमवणारं आहे, पण महिन्यातून एकदोन खेपांचा खर्च खोलीभाड्यापेक्षा नक्कीच कमी.

गाणी तयार आहेत, पण सोबत व्हायोलिन, कहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), दुसरा आवाज हवा आहे, अशांनी मात्र थांबू नये. दर आठवड्याला तालमीला येणारी माणसं गाडीने ये-जा करून जमत नाहीत. त्यांनी पुण्यात खोली बघताना भाड्याच्या आधी घरमालकाला एवढंच विचारावं, रात्री गिटार वाजवलेली चालेल का?