मार्सियानोपोलिस की निकोपोलिस? झिजलेलं नाणं हातात घेऊन

एका बाजूला रोमन सम्राटाचा चेहरा, मागे कुठली तरी देवता, कडेने अर्धवट ग्रीक अक्षरं. बल्गेरियातल्या मिश्र लॉटमधून असं 26-27 मिमीचं कांस्य नाणं आलं, की संशय बहुधा दोन शहरांवर जातो: मार्सियानोपोलिस (आजचं देव्न्या) आणि निकोपोलिस अॅड इस्ट्रम (निक्युप गावाजवळचं). दोन्ही सम्राट ट्रेजनच्या काळातली, दोन्हीकडे नाण्यावर राज्यपालाचं नाव.

देवतेवरून ठरवायला जाऊ नका. टायकी (नशिबाची देवी), नायकी (विजयाची देवी), वेटोळं घातलेला साप दोन्हीकडे सापडतात. मी त्यात दोन संध्याकाळी घालवल्या आहेत.

शहराच्या नावावर या. शेवट दोघांचाही '-ओपोलितोन', म्हणून तेवढंच वाचता आलं तर हाती काहीच लागत नाही. त्याच्या लगेच आधीचं अक्षर शोधा. 'न्यू' (Ν) असेल तर मार्सियानोपोलिस, 'काप्पा' (Κ) असेल तर निकोपोलिस. दिवा बाजूने, अगदी खालून धरून नाणं फिरवा. काप्पाचे तिरपे हात सावलीत उठून दिसतात. न्यू मात्र अद्रियानोपोलिसच्या (आजचं एदिर्ने) नावातही येतो, पण तिथे बहुतेकदा 'पोलेइ' असं, जादा एप्सिलॉन घालून लिहितात.

मग 'तोन'च्या पुढे बघा. 'प्रोस इस्त्रोन' (डॅन्यूबजवळचं) याचा तुकडा जरी दिसला तरी निकोपोलिस पक्कं. गंमत म्हणजे शहर डॅन्यूबच्या काठावर नव्हतंच. सिग्मा (ग्रीक 'स') इथे इंग्रजी 'सी'सारखा कोरतात, हे लक्षात असू द्या. 'प्रोस मेस्तो' दिसलं तर ते थ्रेसमधलं दुसरं निकोपोलिस.

समोरासमोर दोन चेहरे आणि मागे 'एप्सिलॉन' (Ε), म्हणजे 5 असारिया (तेव्हाचं छोट्या नाण्यांचं एकक), ही जोडी मार्सियानोपोलिसकडे झुकते. पण दोन चेहऱ्यांवर विसंबू नका, टोमिसनेही (काळ्या समुद्राकाठचं शहर) तशी नाणी पाडली. तिथली खूण डेल्टा (Δ, म्हणजे 4) आणि शेजारी कोनासारखी रेघ (½), म्हणजे 4½.

नाव पार झिजलंय? मग राज्यपाल वाचा. सम्राट मॅक्रिनसच्या (217-218) नाण्यावर पोंतियानोस असेल तर मार्सियानोपोलिस, लोंगिनोस असेल तर निकोपोलिस धरायला हरकत नाही. सम्राट गॉर्डियन तिसऱ्याच्या वेळी तसेच, मेनोफिलोस असेल तर मार्सियानोपोलिस आणि मोदेस्तोस असेल तर निकोपोलिस.

तेही नसेल तर पाकिटावर 'लोअर मोसिया?' (या दोन्ही शहरांचा रोमन प्रांत) लिहून ठेवा, आणि शहराच्या नावाचे जादा पैसे देऊ नका.