व्हीसीआर दुरुस्ती, राजारामपुरी : हेडला हात लावण्याआधी रबर बघणारे काका

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत अजून व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचं मशीन, दुरुस्त होतो. पाटीवर पंखे, मिक्सर आणि टीव्ही एवढंच लिहिलंय, त्यामुळं बाहेरून काही कळत नाही. नाव आणि फोन नंबर मी इथं देत नाही, कारण काकांनीच नको म्हणून सांगितलंय. हाताखाली माणूस नाही, वय सत्तरीच्या पुढं, गर्दी झाली तर कुणाचंच काम नीट होणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे. टीव्ही दुरुस्तीवाले काका कुठं बसतात म्हणून विचारलं की गल्लीतली माणसं दाखवतात.

ज्याच्या घरात माळ्यावर व्हीएचएस कॅसेट पडल्यात आणि ज्याला त्या बघण्यासाठी फार खर्च परवडणार नाही, त्यानं आधी इथं जावं. असं का म्हणते ते सविस्तर सांगते.

माझे बाबा लग्नाची शूटिंग करायचे. पॅनासॉनिकचा एम-९००० खांद्यावर, मागं लाइट धरणारा पोरगा, आणि गळ्यात बॅटरीचा पट्टा. गिऱ्हाइकाला जायची ती गाणी घालून मिक्सिंग केलेली कॅसेट, म्हणजे कॉपी. मूळ कॅसेट आमच्याकडंच राहायची. कॉपी काढली की चित्र एक पायरी उतरतं, रंग पसरतात, आवाजात खरखर वाढते. म्हणून या मूळ कॅसेटची किंमत फार. त्यात नुसती लग्नं नाहीत. खासबागेतल्या कुस्त्या आहेत, दसऱ्याचा सोहळा आहे, आमच्या पेठेतला गणपती आहे. बाबा आता नाहीत. त्यांचा आवाज मात्र प्रत्येक कॅसेटमध्ये कॅमेऱ्यामागून येतो, "नवरदेव, जरा इकडं बघा की, लाजताय काय," असा. मला हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं आणि त्यासाठी बाबांचाच पॅनासॉनिकचा व्हीसीआर चालू करायचा होता.

मशीनला तीन दुखणी होती. चित्राच्या खालच्या बाजूला पट्टा येऊन मुंग्या दिसायच्या, आवाज मध्येच हेलकावे खायचा, आणि कॅसेट बाहेर काढताना टेप आत गुंतायची. आधी दुसऱ्या एका दुकानात नेलं होतं. तिथं झाकण न काढताच हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, गेलंय म्हणून सांगितलं आणि हेडचे साडेतीन हजार मागितले.

काकांनी झाकण काढलं, मला स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा की ताई, बघा तुम्ही पण." बॅटरी पाडून त्यांनी पहिल्यांदा पिंच रोलर दाखवला. हा बोटाच्या पेरापेक्षा लहान, काळ्या रबराचा. त्याच्या शेजारी पोलादाची बारीक दांडी फिरते, तिला कॅप्स्टन म्हणतात. या दोघांच्या चिमटीत टेप धरली जाते आणि सेकंदाला २.३४ सेंटीमीटर या एकाच वेगानं पुढं सरकते. आमच्या रोलरचं रबर काचेसारखं चकाकत होतं. काकांनी नखानं दाबलं तर दबलं नाही. "ह्यो कडक झालाय. टेप धरत न्हाई, मग टेप वर-खाली चढती आणि कड दुमडती. हेड बिचारं चांगलं हाय. उगाच पैसं कशाला घालवताय?"

व्हीएचएसमध्ये टेपची वरची कड आवाजाची असते आणि खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो. चित्राच्या तिरक्या रेघांवर हेड नेमकं कधी यावं, हे मशीन त्या ट्रॅकवरून ठरवतं. म्हणजे वरची कड दुमडली की आवाज हलतो आणि खालची दुमडली की चित्र तुटतं. आमची बरीचशी दुखणी त्या एका रबरापासून निघाली होती. साडेतीन हजारांचं हेड बसवलं असतं तरी मशीननं टेप चावणं सोडलं नसतं, आणि वर बाबांच्या मूळ कॅसेटच्या कडा गेल्या असत्या त्या कायमच्या.

काम कसं केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. कुणी दुसऱ्या गावात मशीन देणार असेल तर कारागिराची पारख करायला हे उपयोगी पडेल. हेडचा ड्रम ६२ मिलीमीटरचा असतो आणि आपल्याकडच्या पॅल (टीव्हीच्या चित्राची आपल्याकडची पद्धत) मशीनमध्ये मिनिटाला १५०० फेरे मारतो. हेडचं टोक ड्रमच्या कडेतून इतकं थोडं बाहेर असतं की डोळ्यांना नीट दिसतही नाही. काकांनी कापूस अजिबात वापरला नाही, कारण कापसाचा धागा हेडच्या टोकात अडकतो आणि टोकाचा टवका उडतो. मऊ चामड्याचा तुकडा लावलेली काडी त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवली, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरली आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून गोल फिरवला. काडी वर-खाली एकदाही घासली नाही. काडीवर तपकिरी-काळा थर आला. दुसऱ्या काडीवर कमी आला, मग पुढची जवळजवळ पांढरीच निघाली. एवढ्यानं खालचा मुंग्यांचा पट्टा अर्ध्याहून कमी झाला. पूर्वी काही लोक कोऱ्या नोटेनं हेड घासायचे. काकांसमोर तो विषय काढला तर ते अजूनही चिडतात.

मग टेपच्या वाटेवरचे सगळे खांब, आवाजाचं हेड आणि टेपवरचं जुनं रेकॉर्डिंग पुसणारं हेड साफ झालं. कॅसेट आत घेणाऱ्या गिअरवरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते खरवडून नवं पांढरं ग्रीस लावलं, तेही अगदी बेतानं. मोड स्विच उघडून त्याचे पत्रे पुसले. टेप लोड झाली की नाही, हे मशीनला हाच स्विच सांगतो. तो मळला की मशीन गोंधळतं, अर्ध्यातच थांबतं, आणि टेप बाहेर असतानाच कॅसेट सोडून देतं. आमची टेप गुंतायची ती याच्यामुळं.

जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती शेवटची कंपनी, त्यामुळं नवे सुटे भाग आता कुठून येणार? काकांनी माळा भरून बंद मशीनं ठेवलीत, अकाई, बीपीएल, व्हिडिओकॉन आणि कितीतरी पॅनासॉनिक. माझा पिंच रोलर त्यातल्याच एकाचा. आयडलरच्या, म्हणजे रिळं फिरवणाऱ्या, चाकावरची रबरी कडी मात्र कशातच बरी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी चाकाचं माप घेऊन उद्यमनगरात ऑइल सील आणि ओ-रिंग विकणाऱ्या दुकानातून ओ-रिंग आणवली. काही रुपयांची वस्तू, पण तिनं रिवाइंड पुन्हा जोमानं सुरू झालं. बाबूराव पेंटरांनी याच गावात शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा घडवला. बाहेरून मिळत नाही ना, मग माप घे आणि बनव, ही कोल्हापूरची रीत मला त्या ओ-रिंगेत दिसली आणि खरं सांगते, अभिमान वाटला.

बिल झालं साडेअकराशे. त्यात सफाई, रोलर, ओ-रिंग, एक बेल्ट आणि पॉवर सप्लायमधले सुकलेले दोन कंडेन्सर. हे शेवटचं काम घरी कुणी करू नये. प्लग काढला तरी तिथल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. बाकी हेड आणि रोलर पुसणं काकांनी मला शिकवलं, काडीही दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

बुरशीचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडचा पावसाळा कॅसेटला फार वाईट. कॅसेटच्या काचेतून रिळाकडं बघा. काळ्या टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. काका अशा कॅसेटसाठी एक वेगळं मशीन राखून आहेत. तोंडाला फडकं बांधून कॅसेटचे पाच स्क्रू काढतात, रिळं साफ करतात, टेप कोरड्या मऊ कापडातून हळूहळू गुंडाळून घेतात आणि दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवतात. वेळ खूप लागतो, पण एका कॅसेटचे दीडशे रुपयेच घेतात. मला हे फार कमी वाटतं आणि मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

२०१९ च्या आणि परत २०२१ च्या महापुरानंतर लोक त्यांच्याकडं चिखलातल्या कॅसेट घेऊन आले होते. त्यांचा अनुभव असा की ज्यांनी कॅसेट उन्हात वाळत टाकल्या, त्यांच्या टेपचे थर एकमेकांना चिकटले आणि चिखल आतच वाळला. ज्यांनी ओल्या असतानाच स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाऱ्यावर सुकवल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच वाचल्या. नदीकाठच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एरवी कॅसेट पूर्ण रिवाइंड करून पुस्तकासारखी उभी ठेवायची, आडवी रचायची नाही, आणि भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तर नाहीच.

आता जे पटलं नाही तेही लिहिते. काका कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर घेऊनही देतात, दोनशे रुपयांत. ते काम मी त्यांना दिलं नाही आणि तुम्हीही मौल्यवान कॅसेटचं देऊ नये. त्यांच्याकडं एक तयार डबी आहे, ती चित्र फार दाबून साठवते. पॅल व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असली तरी प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, म्हणजे हालचालीचे ५० क्षण असतात. ती डबी त्यातले निम्मे टाकून देते. नवरा-नवरी खुर्चीत बसलेले असतील तर फरक कळत नाही. कुस्तीत कळतो. पैलवानानं ढाक मारली की हात तुटक तुटक सरकतो.

मी घरी यूएसबीवर चालणारी कॅप्चर डबी घेतली, हजाराच्या आतबाहेरची. सर्वांत स्वस्त घेऊ नका, त्यात आवाज आणि चित्र हळूहळू मागंपुढं होतं. व्हीसीआरमधून पिवळी, पांढरी आणि लाल वायर मी आधी एका जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये घातली आणि तिथून डबीत. काही रेकॉर्डर जुन्या टेपचं थरथरणारं चित्र सावरून पुढं पाठवतात. माझा मामेभावाच्या कपाटातून फुकट आला, आणि वरच्या बाजूला वाकणाऱ्या रेघा त्यानं सरळ केल्या. कॉम्प्युटरवर ओबीएस हे फुकटचं सॉफ्टवेअर चालतं. रेकॉर्डिंग ७२० बाय ५७६ वर करायचं, अर्धी-अर्धी चित्रं जोडताना सेकंदाला ५० च ठेवायची, आणि मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची.

दुसरी तक्रार वेळेची. काका सांगितलेला दिवस पाळत नाहीत. गुरुवार म्हणाले तर पुढचा सोमवार धरून चाला. फोन उचलत नाहीत. घाईचं काम असेल, म्हणजे कुणाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वगैरे चालवायचं असेल, तर महिनाभर आधीच नेऊन द्या. मिनी डीव्ही आणि आठ मिलीमीटरचे हँडीकॅम ते घेत नाहीत, त्यातले गिअर फार बारीक, आता नजर पोचत नाही म्हणतात. मिनी डीव्हीवाल्यांनी फायरवायरचं (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी सोय) कार्ड असलेला एखादा जुना डेस्कटॉप शोधावा. तिथं टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण १३ जीबी जागा लागते.

जाताना रिमोट असेल तर घेऊन जा, काही मशीनची सेटिंग रिमोटशिवाय उघडत नाही. मशीन रिकामं न्या, पण आत कॅसेट अडकली असेल तर ती ओढून काढायचा प्रयत्न करू नका, तशीच राहू द्या आणि काकांना सांगा. तपासणीसाठी तुमची महत्त्वाची कॅसेट देऊ नका, एखादी जुनी सिनेमाची द्या. दुकान सकाळी अकराच्या आसपास उघडतं, दुपारी दोन ते पाच बंद. मशीन घेताना समोर लावून बघा : प्ले, रिवाइंड, मग कॅसेट बाहेर काढून टेपची कड उजेडात धरा. कड सरळ असली तरच पैसे द्या. काका स्वतःच तसं सांगतात.