माँट्रियलचा एक हिवाळा आणि गुडघ्यापर्यंतचा डाऊन पार्का: वापरानंतरचा अनुभव

कॅनडातल्या माँट्रियलमधला अख्खा हिवाळा मी या एका पार्क्यावर, म्हणजे हूड असलेल्या लांब, जाड कोटावर काढला. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तो जवळजवळ रोज अंगावर होता, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. आधी निकाल सांगते: पैसे वसूल झाले आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण हे माँट्रियलपुरतं. मँचेस्टरच्या दादाला मी हा कधीच सुचवणार नाही, नोएडाच्या मावशीला तर नाहीच. कोट निवडताना बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "उणे किती डिग्रीपर्यंत चालतो?" माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. तुमच्याकडची थंडी कोरडी आहे की ओली? आणि त्या थंडीत तुम्ही चालत असता की एका जागी उभे असता?

माझं काम सकाळच्या शिफ्टचं. घरापासून बसथांबा, मग मेट्रो, मग पुन्हा थोडं चालणं. इथे जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी उणे १३-१४ पर्यंत उतरतो आणि सहा-साडेसहाला थांब्यावर साधारण तीच हवा असते. त्यात वारा. पारा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. चालणाऱ्या माणसाचं अंग तापलेलं असतं, त्याला मध्यम जॅकेटही पुरतं. बस उशिरा आली की उभं राहणाऱ्याच्या मांड्या आधी गारठतात. म्हणून पैसे कुठे घालायचे, याचं माझं उत्तर आहे लांबी, हूड आणि चेन, याच क्रमाने. कमरेपर्यंतचं कितीही महागडं जॅकेट असलं तरी थांब्यावरच्या लोखंडी बाकावर बसताना ते कामाला येत नाही.

पार्का असा आहे: गुडघ्याच्या जरा वर येतो, आत ६०० फिलचं डाऊन, म्हणजे बदकाची मऊ, बारीक पिसं (फिलचा अर्थ पुढे सांगते), बाहेर वारा अडवणारं जाड कापड, मनगटाशी आतून विणलेली पट्टी, वर-खाली दोन्हीकडून उघडणारी चेन आणि तिच्यावर बटणांची झडप. वजन दीड किलोच्या आसपास. मूळ किंमत ५०० डॉलर होती. मी तो आदल्या वर्षी मार्चमध्ये, दुकानं हिवाळी माल काढून टाकत होती तेव्हा ३२० ला घेतला. इथला, म्हणजे क्यूबेक प्रांतातला, जवळपास १५ टक्के कर धरून ३६८ डॉलर मोजले.

या फिलच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानदार सगळ्यात जास्त तोच दाखवतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन फुलल्यावर किती घन इंच जागा व्यापतं, तो हा आकडा. ८०० फिल म्हणजे चांगल्या प्रतीचं, कमी वजनात जास्त फुलणारं डाऊन. पण कोटात ते भरलंय किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एका जॅकेटात ८०० फिलचं १०० ग्रॅम आणि दुसऱ्यात ६०० फिलचं २५० ग्रॅम असेल, तर बाकी सगळं सारखं असताना दुसरंच जास्त ऊब देणार. पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणाऱ्याला ८०० चा उपयोग आहे, कारण त्याला एकेक ग्रॅम जड असतो. बसची वाट बघणाऱ्याला ६०० पुरतं. लेबलवर भरणीचं वजन लिहिलेलं नसेल तर दुकानात विचारा, सांगत नसतील तर बाही मुठीत दाबून सोडा. चांगलं भरलेलं डाऊन लगेच फुलून वर येतं. आणखी एक पाहा: टाके थेट आरपार घातलेत का. तसे असले तर प्रत्येक टाक्याच्या रेषेवर भरणी शून्य असते आणि वारा नेमका तिथूनच आत येतो. माझ्या पार्क्यात भरणीचे कप्पे आत आहेत आणि बाहेरचं कापड अखंड, म्हणून वारा शिरत नाही.

हूडला कृत्रिम फरची कड आहे. घेताना मला ती शोभेची वाटली होती, पण तिचं काम खरं आहे: चेहऱ्याभोवती थोडी हवा ती स्थिर धरून ठेवते. कडाक्याच्या दिवशी श्वासाची वाफ त्या फरवर गोठते, तेवढी हाताने झटकायची. चेनच्या टोकाला मी जाड दोरीचा फास बांधून घेतला, म्हणजे हातमोजे न काढता चेन ओढता येते. उणे २० ला बोटं बाहेर काढली की मिनिटभरात आखडतात, तेव्हा या दोन रुपयांच्या दोरीची किंमत कळते. बसमध्ये बसताना चेन खालून वीतभर उघडायची, म्हणजे कोट मांड्यांवर ताणला जात नाही. आतला खिसा छातीशी आहे आणि फोन तिथेच ठेवावा. बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी बघता बघता उतरते.

मेट्रोत मात्र हाच कोट जड होतो. स्टेशनं भर हिवाळ्यातही उबदार असतात आणि पायऱ्या उतरतानाच मी चेन पूर्ण उघडते. घाम येऊ देणं धोक्याचं, कारण परत बाहेर पडल्यावर तोच गार पडतो. आपल्याकडची सुती बनियन इथे आत घालू नका. सूत घाम धरून ठेवतं. मरीनो लोकरीचं किंवा साधं पॉलिस्टरचं थर्मल आणि त्यावर एक पातळ स्वेटर, एवढं या पार्क्याखाली उणे २० पर्यंत मला पुरलं.

आता उणी बाजू. पहिली आणि सगळ्यात मोठी, पाणी. माँट्रियलमध्ये शून्याच्या आसपास पारा आला की गोठणारा पाऊस पडतो. अशा एका संध्याकाळी खांदे भिजून आतलं डाऊन चिकटलं, ऊब गेली, आणि रात्रभर हीटरपासून थोडं लांब टांगून ठेवल्यावर सकाळी तो कसाबसा सुकला. भिजलेलं डाऊन फुलत नाही, आणि फुललं नाही तर ते हवा धरत नाही. कृत्रिम भरणी भिजूनही बरीच ऊब राखते. म्हणून ओल्या दिवसांसाठी मी वरून घालायला एक पातळ, मोठ्या मापाचा रेनकोट ठेवला आहे. दुसरी गोष्ट, डाव्या काखेच्या शिवणीतून पिसं डोकावतात. ती बाहेर ओढू नका, आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत खेचा. बाहेर ओढलं की भोक मोठं होतं आणि एका पिसामागून दुसरं येत राहतं. तिसरी, चेनचा खालचा स्लायडर फेब्रुवारीतच अडकायला लागला. कंपनीला लिहिलं तर चेन वॉरंटीत येत नाही असं उत्तर आलं. एवढ्या किमतीच्या कोटाला हे अजिबात शोभत नाही, आणि यासाठी मी एक तारा कापते आहे.

दादाचं मँचेस्टर म्हणजे उलटा प्रकार. तिथे पारा हिवाळ्यात बहुतेक शून्याच्या वर, पण पाऊस आणि बोचरा वारा पाठ सोडत नाहीत. त्याने ९० पौंडांत कृत्रिम भरणीचं जॅकेट घेतलंय, वरचं कापड १०,००० मिलिमीटरच्या पाणीरोधक दर्जाचं (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसणारं), आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली. ही पट्टी आवर्जून पाहा, कारण ती नसेल तर कापड कितीही चांगलं असो, पाणी टाक्यांतून झिरपतं. वहिनीला ऑफिससाठी लोकरीचा कोट हवा होता, तोही तिथे छान चालतो. लोकर रिमझिम सोसते, फक्त त्यात लोकरीचं प्रमाण जास्त असलेला घ्यावा.

दिल्ली-नोएडाचं गणित आणखी वेगळं आहे. सकाळी सहा-सात डिग्री, दुपारी वीसच्या आसपास, आणि घरात हीटिंग नाही. माँट्रियलमध्ये आम्ही घरात शिरताच कोट खुंटीला लावतो. मावशी मात्र जॅकेट घालूनच स्वयंपाक करते. तिला हलकं, धुवायला सोपं, बाह्या सहज वर सारता येतील असंच हवं. दोन-अडीच हजारांचं पातळ पॉलिस्टर भरणीचं जॅकेट आणि आत स्वेटर, बस. नाशिक-निफाडच्या थंडीत पहाटे दुचाकीवर जाणाऱ्याला तर ऊबेपेक्षा वारा अडणं महत्त्वाचं: स्वेटरवर साधं विंडचीटर आणि कानटोपी. तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर आपल्या शहरांत दर हिवाळ्यात येतातच. लेहची थंडी भयंकर पण कोरडी, तिथे डाऊन उत्तम. पण आठवड्याच्या सहलीसाठी विकत घेऊ नका. लेहला, मनालीला असा कोट भाड्याने मिळतो.

इथे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते, भारतातून जाड कोट आणून बॅगेतलं वजन वाया घालवू नका. माँट्रियलमध्ये रेनेसाँस किंवा व्हिलाज दे व्हालरसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर ४०-६० डॉलरांत धड पार्का मिळू शकतो. चेन दोनदा वर-खाली करून पाहा, भरणी हाताला गाठीगाठींची लागते का ते चाचपा, काख आणि कॉलर हुंगा. दीड हजार डॉलरच्या पुढचे कॅनडा गूस कंपनीचे पार्के दिसायला देखणे असतात, पण त्यांचा एक्सपिडिशन पार्का मुळात अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी बनला होता. मेट्रोने कॉलेजला जाणाऱ्या मुलीने त्यासाठी कर्ज काढू नये.

एप्रिलमध्ये धुतला, तेही लिहून ठेवते. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग खालच्या कडेला होते, ते आधी ओल्या फडक्याने पुसले. मग समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये डाऊनचा खास साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर स्वच्छ टेनिसचे चेंडू सोबत टाकले, ते आपटून गुठळ्या फोडतात. मध्येमध्ये काढून दोन तळहातांत दाबत राहायचं, गाठ लागली की परत ड्रायरमध्ये. अख्खी दुपार गेली, पण पार्का नव्यासारखा फुलला. आता तो कपाटात सैल टांगला आहे. हवा काढून घेणाऱ्या पिशवीत भरला तर महिनोन्‌महिने दबून पिसांचा फुलोरा जातो. ऑक्टोबरआधी चेनचा स्लायडर बदलून घ्यायचा आहे, शिंपी ३० डॉलर म्हणतोय.