मोटारसायकल लांब न्यायची: पिकअपचा हौदा की ट्रेलर?

पिकअप हाताशी असेल तर हौदा स्वस्तच. वेगळी चाकं नाहीत, रिव्हर्स घेताना डोकेदुखी नाही. खरी अडचण गाडी चढवण्याची. हौदा जमिनीपासून साधारण 80-90 सेंटीमीटर उंच. दीड मीटरची फळी लावली की चढ उभा होतो आणि गाडीचं पोट काठावर घासतं. फळी निदान सव्वादोन मीटरची हवी, तीही हौद्याला बांधलेली. नाहीतर चाक चढतानाच ती सटकते. आणि जड गाडी एकट्याने चढवायची हौस नको.

ट्रेलर बुटका, म्हणून चढवणं सोपं; जड गाडीला तोच बरा. मात्र वजन मागे गेलं की वेगात तो डुलायला लागतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार ओढणाऱ्या वाहनाच्या जोड-हुकवर यायला हवा, तेवढी मोटारसायकल ट्रेलरवर पुढे सरकवा. निघण्याआधी ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस बघा.

बांधणी दोन्हीकडे सारखीच. चार रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने ताणून घट्ट करायचे. पुढचे दोन हँडलला नाही, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) खालच्या क्लॅम्पला. पट्टे ताणून पुढचे शॉकअप साधारण निम्मे दाबा. पार दाबून ठेवले तर ऑइल सील जातं, सैल राहिले तर खड्ड्यात पट्ट्याचा हूक निसटतो. साइड स्टँड वर. वीसेक किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा. नवे पट्टे हमखास सैलावतात.