टर्नर सिंड्रोम आणि ग्रोथ हार्मोन: कुपी घ्यावी की पेन?

टर्नर सिंड्रोम असलेल्या, म्हणजे दोनपैकी एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसल्याने उंची खुंटलेल्या मुलीला ग्रोथ हार्मोन (वाढीचे संप्रेरक) द्यायचे, हे डॉक्टरांशी बोलून एकदा ठरले की कुपीतले औषध सिरिंजने द्यायचे की पेनने, एवढाच प्रश्न पालकांपुढे उरतो. औषध तेच असते आणि त्वचेखालची रोज रात्रीची सुईही टळत नाही. आमच्या घरी दोन्ही वापरून झाले आहे.

कुपी स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारात हा मुद्दा लहान नाही. भुकटीवर पाणी सोडल्यावर कुपी जोरात न हलवता तळहातात हळूच फिरवायची असते, त्याचीही सवय होते. मला जाच झाला तो मापाचा. मात्रा वजनावर ठरते, साधारणपणे किलोमागे दिवसाला ४५ ते ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे १८ किलोच्या मुलीला ०.९ मिलीग्रॅमपर्यंत, आणि १ मिलीग्रॅमचे ३ युनिट या हिशेबाने २.७ युनिटपर्यंत. सिरिंज मात्र बहुधा इन्सुलिनची असते आणि तिच्यावरच्या रेघा इन्सुलिनच्या हिशेबाने आखलेल्या असतात. ४ युनिटची कुपी १ मिली पाण्यात विरघळवली, तर हा डोस लाल टोपणाच्या (मिलीला ४० युनिटच्या) सिरिंजवर २७व्या रेघेला येतो आणि नारिंगी टोपणाच्या (मिलीला १०० युनिटच्या) सिरिंजवर ६७ व ६८ यांच्या मधोमध. औषधाच्या दुकानातून एकदा लालऐवजी नारिंगी आली, तेव्हा आम्ही दोघे रात्री कागदावर त्रैराशिक मांडत बसलो आणि लेक कापूस मांडीवर धरून ‘झालं का, बाबा?’ असे विचारत राहिली. वजन वाढून डोस बदलला की हे गणित पुन्हा आलेच.

पेनमध्ये खिडकीत आकडा लावायचा आणि बटण दाबायचे. ते महाग आहे, आणि कार्ट्रिज (पेनमधली औषधाची नळी) उघडल्यावर माहितीपत्रकातल्या मुदतीत संपवावे लागते. २ ते ८ अंश तापमानाची काळजी तर दोन्हींकडे आहेच. पेनमुळे उंची अधिक वाढते, असे मी म्हणणार नाही. कॅनडातील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार घेतलेल्या मुली न घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ७ सेंटीमीटर उंच झाल्या. पण एवढा लाभ पदरात पडायचा तर डोस चुकवून चालत नाही, आणि आमच्याकडे पेन आल्यापासून कंटाळ्यापायी सुई राहिली, असे क्वचितच झाले. प्रत्येक घरी असेच होईल असे नाही. तरी खर्च झेपत असेल, तर मी पेनकडे झुकेन. तो झेपणार नसेल, तर कुपी बिनदिक्कत घ्यावी. फक्त डॉक्टरांकडून डोस रेघांमध्ये लिहून घ्यावा आणि त्याशेजारी टोपणाचा रंगही.