सळई मुठीत धरून हार्मोन कळत नाहीत

माझ्या मोठ्या जाऊबाई 46 वर्षांच्या. पाळीचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी दोन महिने यायची नाही, आली की दहा-दहा दिवस थांबायची नाही. रात्री अंगातून वाफा, झोपेचं खोबरं. अशात सोसायटीच्या हळदीकुंकवाला ‘मोफत हार्मोन तपासणी’चं टेबल लागलं.

तिथल्या बाईने नाव, वय, उंची, वजन लॅपटॉपमध्ये भरलं आणि वायर जोडलेली धातूची सळई मुठीत धरायला दिली. मिनिटाभरात रंगीत रिपोर्ट: इस्ट्रोजेन कमी, गर्भाशय अशक्त, लिव्हरमध्ये विषारी द्रव्यं. रक्ताचा एक थेंबही न घेता! ‘आत्ता कोर्स केला नाहीत तर पिशवी काढावी लागेल,’ हे पुन्हापुन्हा ऐकवलं. जाऊबाई घाबरल्या. अठरा हजारांच्या पुड्या आणि कॅप्सूल घेतल्या. बिल नाही, डब्यावर परवाना क्रमांक नाही, पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यावर.

सगळ्यात संतापजनक पुढेच आहे. रक्तस्राव वाढला म्हणून फोन केला, तर उत्तर आलं, ‘घाण बाहेर पडतेय, औषध लागू पडलं.’ त्या भरवशावर जाऊबाई अंगावर काढत राहिल्या आणि एक दिवस कणीक मळता मळता ओट्याशी कोसळल्या. हिमोग्लोबिन 6.8.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी नीट समजावलं. या वयात हार्मोन सारखे वरखाली होतात, म्हणून पंचेचाळिशीनंतर पेरीमेनोपॉजचं, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीच्या काळाचं, निदान बहुतेकदा लक्षणांवरूनच होतं. पण इतका रक्तस्राव ‘वयाचं आहे’ म्हणून सोडायचा नसतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि गरज पडली तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासतात. जाऊबाईंना फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली कर्करोग नसलेली गाठ, निघाला. शिरेतून लोह दिलं, रक्तस्रावावर गोळ्या सुरू झाल्या. पिशवी काढायची गरज पडली नाही. वाफांसाठी हार्मोनचे उपचारही असतात, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या आधी झाल्या आहेत का, ही माहिती घेऊन डॉक्टरच ते ठरवतात.

पैसे परत मागितल्यावर त्या टेबलवाल्या बाईचा फोन बंद. पाळीचे विकार बरे करण्याच्या औषधांची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आम्ही रिपोर्ट, डबे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्याकडेही असं टेबल लागलं असेल तर डबे फेकू नका, फोटो काढून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं.