करडई: पाकळी घ्यावी की तेल?

इंदूरच्या सियागंजातून आणलेल्या वाळक्या पाकळ्या वाटीभर थंड पाण्यात टाकल्या, तेव्हा पिवळा रंग लगेच उतरला. पण पाणी दोनदा बदलूनही पाकळीतला तांबूसपणा हटला नाही, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातच सुटला. करडईच्या पाकळीचे रसायन एवढ्या प्रयोगातही दिसते: पिवळी द्रव्ये पाण्यात विरघळतात, तर लाल कार्थामिनला अल्कली लागते. पिवळ्यांपैकी हायड्रॉक्सिसॅफ्लॉर यलो ए या द्रव्यावर सर्वाधिक संशोधन झाले असून, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटण्याचे प्रमाण ते कमी करते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. चिनी वैद्यकात पाकळी रक्ताभिसरणासाठी वापरतात, त्यामागचा हा एक धागा आहे. परंतु याच कारणाने रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पाकळीचा काढा टाळावा, आणि गर्भवतींनीही तो टाळावा, हे मी आग्रहाने सांगेन.

तेलाची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. नेहमीच्या करडई तेलात सुमारे 75 टक्के लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल असते, शिवाय ई जीवनसत्त्वही असते. तूप-वनस्पतीऐवजी ते वापरल्यास रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल कमी होते, याला माणसांवरील अभ्यासांचा आधार आहे. मात्र लिनोलिक आम्ल उष्णतेने लवकर बिघडते, म्हणून कढईभर भजी तळायला उष्णतेत अधिक टिकणारे ओलिक आम्ल जास्त असलेल्या वाणाचे तेल बरे.

रोजच्या स्वयंपाकासाठी मी तेलच निवडेन. पाकळी श्रीखंडाच्या रंगापुरती ठेवेन, आणि तीही केशर म्हणून नव्हे, करडई म्हणूनच.